लॅक्टोफेरिन आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज: नावं जुळ्यांची, कामं पार वेगळी

मागच्या आठवड्यात ओझरच्या आत्याचा फोन आला. तिच्या सुनेला सातवा महिना चालूय, हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळीसोबत सॅशे लिहून दिले, रोज एक पाण्यात घालून प्यायचं, त्यावर नाव लॅक्टोफेरिन. आता आत्याच्या गल्लीत एक काका आहेत ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, ते म्हणाले "अहो हे लॅक्टो-बिक्टो म्हणजे दूध नासू नये म्हणून टाकतात ना ते पेरॉक्साइडवालं, पोटुशी बाईला कशाला पाजताय". झालं. डबा गेला फ्रीजवर, सून गप्प, आणि फोन मला, कारण मी सिन्नरकडे एका दूध शीतकरण केंद्रात टेस्टिंगला बसतो म्हणजे घरच्यांच्या हिशोबाने दुधातलं काहीही मला विचारावं.

काकांना तरी काय बोलणार, गोंधळ होण्यासारखीच नावं आहेत. दोन्ही दुधातलीच प्रोटीन, दोन्ही दूध फाटल्यावर चोथ्यावेगळं जे पाणी उरतं त्यात म्हणजे व्हेमध्ये राहणारी, दोन्ही जंतूंच्या वाटेत आडवी येणारी, आकारसुद्धा जवळपास तेवढाच (८० हजार डाल्टनच्या आसपास, डाल्टन म्हणजे रेणू तोलायचं माप), आणि कहर म्हणजे दोघांच्या पोटात लोह. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी रजिस्टरमध्ये एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहून सरांच्या शिव्या खाल्ल्यात.

नावापासूनच सुरुवात करू. लॅक्टो म्हणजे दूध, ते दोघांत कॉमन. फेरिन हे फेरम म्हणजे लोखंडावरून. आणि पेरॉक्सिडेजच्या शेवटी जे 'एज' आहे ना, तेच ओळखायचं, लायपेज, अमायलेज, लॅक्टेज, जिथं शेवटी एज तिथं एन्झाइम समजायचं, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन. म्हणजे लॅक्टोफेरिन हे धरून ठेवणारं प्रोटीन आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज हे काम करवून घेणारं एन्झाइम. आणि काका ज्याला घाबरले ते हायड्रोजन पेरॉक्साइड तर या दोघांतलं कुणीच नाही, ते एन्झाइमला लागणारं सामान आहे. तीन वेगळ्या गोष्टींची काकांनी एकच मोट बांधली.

लॅक्टोफेरिन कसं चालतं ते आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कांदा चाळीला कुलूप घालून बसलेला माणूस. जंतूंना, म्हणजे ई कोलायसारख्या बऱ्याच बॅक्टेरियांना, वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिनच्या रेणूला दोन कप्पे असतात, एकेका कप्प्यात लोहाचा एकच अणू बसतो आणि एकदा बसला की सहजासहजी सुटत नाही. रक्तातलं ट्रान्सफेरिन पण याचंच भावकीतलं, पण आजूबाजूला जरा आंबटपणा वाढला की ते लोह सोडून देतं, लॅक्टोफेरिन त्याहून बऱ्याच आंबट वातावरणातही पकडून ठेवतं. जंतूंनी बाहेर कितीही भाव वाढवला तरी चाळ उघडत नाही, माल मिळाला नाही की त्यांची वाढ थांबते. याशिवाय पोटातल्या पेप्सिन या पचनाच्या एन्झाइमने त्याचा एक तुकडा पडतो, लॅक्टोफेरिसिन म्हणतात, तो तुकडा थेट जंतूच्या आवरणालाच भोकं पाडतो. पण मुख्य धंदा अडवून धरण्याचा. ते कशावर रासायनिक क्रिया करत नाही, त्याला मदतनीस लागत नाही, ते स्वतःच औषध.

रंगावरून पण कळतं बरं का. लोह बसलेलं लॅक्टोफेरिन गुलाबीसर दिसतं, म्हणून जुन्या अभ्यासकांनी दुधातलं लाल प्रोटीन म्हणून त्याची नोंद केली होती, गायीच्या दुधात ते पहिल्यांदा दिसलं १९३९ साली आणि शुद्ध रूपात वेगळं काढलं १९६० मध्ये. लॅक्टोपेरॉक्सिडेज एकवटलं की हिरवट-तपकिरी.

आत्याने इथंच पकडलं, "म्हणजे ते लोह देतं म्हणून डॉक्टरांनी दिलं ना?" नाही, इथं बहुतेक लोक फसतात. हिशोब करून बघा. १०० मिलीग्रॅम लॅक्टोफेरिन, दोन्ही कप्पे पूर्ण भरलेत असं धरलं तरी त्यात लोह किती, तर ०.१४ मिलीग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लोहाची गोळी मिळते तिच्यात ६० मिलीग्रॅम असतं. मग एवढ्याशा लोहाने हिमोग्लोबिन कसं वाढणार, तर त्या लोहाने नाहीच वाढत, शरीरातली सूज कमी करून आणि लोह शोषायची व्यवस्था मार्गी लावून ते काम करतं असं मानतात, आणि गरोदर बायांवर झालेल्या काही अभ्यासांत फेरस सल्फेटच्या म्हणजे लोहाच्या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा परिणाम आणि पोटाचा त्रास कमी असं दिसलंय. पण आपल्या मनाने गोळी बंद करून नुसत्या सॅशेवर राहायचं हा उद्योग करू नका, सुनेला दोन्ही लिहून दिलंय तर दोन्ही घ्यायचं, बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

बाकी अमृत वगैरे म्हणून जे फॉरवर्ड फिरतात त्यावर माझा विश्वास नाही. कमी दिवसांच्या बाळांना लॅक्टोफेरिन दिलं तर जंतुसंसर्ग कमी होतो असं २००९ मध्ये इटलीतल्या ४७२ बाळांच्या अभ्यासात दिसलं, सगळे खूश, मग ब्रिटनमध्ये २,२०० च्या वर बाळांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ ला निकाल आला, काही फरक नाही. जपानमध्ये १९८६ पासून बाळांच्या दूध पावडरमध्ये ते घालतात ते वेगळं, घालणं आणि आजार टाळणं यात अंतर आहे.

आता लॅक्टोपेरॉक्सिडेज. याच्याशी माझा रोजचा संबंध म्हणून इथं जरा रेंगाळतो.

हा आचारी आहे. आचारी कितीही हुशार असू दे, शिधा नाही तर काय शिजवणार? त्याचा शिधा दोन गोष्टींचा, एक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दुसरं थायोसायनेट. या दोन्हींपासून तो हायपोथायोसायनाइट नावाचा पदार्थ करतो आणि जंतूंचं काम बिघडवतो तो हा पदार्थ, आचारी स्वतः जसाच्या तसा, पुढच्या पंगतीला तयार. लोह याच्यात पण आहे, पण ते हीममध्ये, म्हणजे लोह मधोमध धरणाऱ्या एका छोट्या चौकटीत, हिमोग्लोबिनसारखं पक्कं बसवलेलं. म्हणजे लॅक्टोफेरिनसाठी लोह हा साठवलेला माल आणि लॅक्टोपेरॉक्सिडेजसाठी लोह हे हातातलं हत्यार. मला स्वतःला हा फरक कळला तेव्हा सगळं डोक्यात बसलं.

थायोसायनेट दुधात येतं जनावराच्या खाण्यातून. आपल्याकडे बाजारात कोबी-फ्लॉवरचा भाव पडला की शेतकरी पाला काय आणि गड्डे काय सगळं गायीपुढं टाकतात, त्या कोबीत, मोहरीत असे घटक असतात ज्यांचं पोटात गेल्यावर थायोसायनेट होतं. (फार कोबी घातला तर गायीच्या थायरॉइडला पण त्रास होतो, ते वेगळं.) पेरॉक्साइड मात्र ताज्या दुधात नावालाच, म्हणून धार काढल्यावर काही तास दूध आपोआप तग धरतं आणि मग शिधा संपतो. धारोष्ण दुधाचं कौतुक करणाऱ्यांनी तेवढ्यावर ते कच्चं पिऊ नये, ब्रुसेला नि टीबीचे जंतू आचाऱ्याला विचारून येत नाहीत.

मग काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं होतं का? नाही, अर्धं खरं होतं. जिथं बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी नाही, वीज नाही, अशा ठिकाणी कच्चं दूध टिकवायला हीच पद्धत वापरायची मार्गदर्शक तत्त्वं कोडेक्सने, म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, १९९१ मध्ये काढलीत, लिटरमागे १४ मिलीग्रॅम सोडियम थायोसायनेट आणि ३० मिलीग्रॅम सोडियम परकार्बोनेट, ज्यातून पेरॉक्साइड निघतं साधारण साडेआठ मिलीग्रॅम. तीस डिग्रीला दूध सात-आठ तास टिकतं. त्यात पण एन्झाइम बाहेरून घालत नाहीत, ते दुधात आहेच, फक्त शिधा पुरवतात. आणि आपल्याकडे काही महाभाग कॅनमध्ये अंदाजाने पेरॉक्साइड ओततात ती सरळ भेसळ, जास्त झालं की ते आचाऱ्यालाच मारतं.

ही भेसळ पकडायची कशी, तर याच एन्झाइमला साक्षीदार करून. परीक्षानळीत कच्चं दूध घ्यायचं, त्यात पॅराफेनिलीनडायअमाइन नावाच्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे आणि हलवायचं. चांगलं दूध पांढरंच राहतं. आधीच कुणी पेरॉक्साइड घातलेलं असेल तर एन्झाइम त्याच्यावर तुटून पडतं आणि थेंब पडला तिथून निळा ढग उतरत जातो, पाण्यात शाळेतल्या दौतीतली शाई पडल्यासारखं, मिनिटाच्या आत सगळी नळी निळी. सकाळी साडेसहाला गाड्यांची रांग, बाहेर गवळी घाई करतोय आणि नळी निळी, तेव्हा बाहेर जाऊन त्याला सांगायचं म्हणजे जीवावर येतं.

यातच मी एकदा माती खाल्ली. ओळखीतली एक वहिनी घरून वाटीभर दूध घेऊन आली, म्हणाली वास वेगळा येतोय, बघा ना भाऊ. मी दोन थेंब टाकले, पांढरंच राहिलं, म्हटलं काही नाही, बिनधास्त वापरा. सर मागं उभे होते, वहिनी गेल्यावर विचारलं "दूध उकळलेलं होतं का?" होतंच, कारण कुठली बाई घरात दुपारपर्यंत कच्चं दूध ठेवते. उकळल्यावर एन्झाइम मेलं, साक्षीदारच मेला तर नळी निळी होणार कशी, पेरॉक्साइड असो की नसो. अशा दुधात आधी थोडं चांगलं कच्चं दूध मिसळून मग थेंब टाकायचे असतात. मी धावत फोन केला तर तोवर वाटी घासून झालेली.

उलट बाजूने हाच गुण कामाला येतो. पाश्चरायझेशन ७२ डिग्रीला १५ सेकंद, त्यात फॉस्फेटेज नावाचं दुसरं एन्झाइम मरतं पण लॅक्टोपेरॉक्सिडेज टिकतं, ते जायला ८० च्या आसपास लागतात. म्हणून नीट तापवलेल्या दुधात फॉस्फेटेज निगेटिव्ह आणि पेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह यायला पाहिजे. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे कुणीतरी दूध जास्तच तापवलंय. लॅक्टोफेरिनवर अशी पटकन नळीतली टेस्ट नाही, ते मोजायला लॅबमध्ये अँटीबॉडीवाल्या पद्धती लागतात.

कुणात किती हे पण उलटसुलट आहे. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन भरपूर, लिटरला एक-दोन ग्रॅम, चिकात तर त्याहून जास्त, आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज अगदी थोडं. गायीच्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरला ०.१ ग्रॅमच्या आसपास, लॅक्टोपेरॉक्सिडेज साधारण ३० मिलीग्रॅम. गायीच्या पहिल्या चिकात लॅक्टोफेरिन वर असतं आणि मग उतरत जातं, लॅक्टोपेरॉक्सिडेज पहिल्या चिकात कमी असतं आणि तीन ते पाच दिवसांत चढतं. गायीला दगडी झाली म्हणजे कास सुजली किंवा ती आटवली की कासेत लॅक्टोफेरिन परत वाढतं, चाळीला डबल कुलूप.

कारखान्यात मात्र दोघं एकाच जाळ्यात सापडतात. दुधातली बाकी बहुतेक व्हे प्रोटीनं ऋण भाराची आणि हे दोघं धन भाराचे, म्हणून ऋण भाराच्या रेझिनवरून (प्रोटीन धरून ठेवणारे बारीक मणी) दूध किंवा व्हे सोडलं की हे दोघंच चिकटून बसतात, नंतर मिठाच्या पाण्याची ताकद वाढवत नेली की आधी लॅक्टोपेरॉक्सिडेज सुटतं, मग लॅक्टोफेरिन. दहा हजार लिटरचा अख्खा टँकर ओतला आणि थेंबही वाया गेला नाही तरी लॅक्टोफेरिन निघणार जेमतेम एक किलो, सॅशेची किंमत बघून आत्या जी ओरडली ती यामुळे.

हे सगळं ऐकून घेतल्यावर आत्या म्हणाली, "अरे मग एवढे पैसे कशाला, शेजारची गाय व्यालीये, खरवस करून देते ना सुनेला." आता खरवस घट्ट का होतो, तर चिकातली व्हे प्रोटीनं, त्यातही इम्युनोग्लोब्युलिन, उष्णतेने उलगडून एकमेकांत गुंततात म्हणून. त्याच वाफेत लॅक्टोफेरिनची घडी मोडते आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज तर आधीच गेलेलं असतं. खरवसात प्रोटीन आहे, गूळ आहे, वेलदोडा आहे, ही दोघं कामाच्या अवस्थेत नाहीत. आत्या जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली डबा फ्रीजवरून काढते, पण खरवस तरीही करणार, तुला पण डबा पाठवते रविवारी.