चुंगडीची घडी आणि गुडघ्याची वाटी

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटची फरशी बदलली. मिस्त्री कळमन्याकडून यायचा. आला की तागाची एक रिकामी चुंगडी, म्हणजे पोतं, चार पदरी दुमडायचा, ती खाली टाकायचा आणि तिच्यावर गुडघे टेकायचा. मग दुपारच्या डब्यापर्यंत त्याच बैठकीत. थापीनं मसाला पसरायचा, टाईल ठेवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, लेव्हल बघायची, चुंगडी ओढून हातभर पुढे सरकायचं.

एका दुपारी चहा पिताना त्यानं पँट वर सरकवली होती. उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढा फुगवटा होता. बोटानं दाबला की पाण्याच्या फुग्यासारखा हलायचा.

"दुखत नाही सर, पाणी भरते फक्त. सवय झाली न आता."

हे पाणी सांध्याच्या आत नसतं. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ, चपटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. आत नावापुरता वंगणासारखा द्रव असतो, त्यामुळे गुडघा वाकताना कातडी हाडावरून सहज सरकते. रोज दाब आणि घासणं सुरू झालं की पिशवीला सूज येते, ती जास्त द्रव सोडते आणि तिच्या भिंती जाड होत जातात. गुडघ्यावर बसून फरशा पुसणाऱ्या बायकांवरून इंग्रजीत या दुखण्याला ‘मोलकरणीचा गुडघा’ असं नाव पडलं. कमी उंचीच्या बोगद्यात गुडघ्यांवर सरकत कोळसा काढणाऱ्या ब्रिटिश खाणकामगारांनाही ते व्हायचं.

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवलं नाही. एका गुडघ्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला, दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं, आणि गुडघ्यांवरच ताठ उभा राहिलो. माझं वजन ६० किलो, काट्यानं २८ दाखवले. नंतर गुडघ्याला कुंकवाचं पाणी लावून तो आलेखाच्या कागदावर टेकवला आणि चौकोन मोजले. ठसा आला २२ चौरस सेंटीमीटरचा. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सव्वा किलोपेक्षा जास्त भार. रक्तदाबाच्या एककात हे पाऱ्याचे नऊशे मिलिमीटर ओलांडून जातं. कातडीतल्या केशवाहिन्यांत रक्त वाहतं ते साधारण ३० ते ३५ मिलिमीटरच्या दाबानं. एवढ्या भाराखाली त्या पार चपट्या होतात. गुडघा उचलल्यावर कातडी आधी पांढरी आणि मग लाल दिसते, ती यामुळेच.

फरशीवर गिट्टीचा एक बारीक खडा असला तर गणित आणखी बिघडतं. दहा किलो भार जरी अर्ध्या चौरस सेंटीमीटरवर आला, तरी तिथला दाब चौरस सेंटीमीटरला वीस किलो.

यावर उपाय म्हणजे गुडघ्याला बांधायचा पॅड. त्याचं खरं काम हा भार पसरवणं. पाच-सहा पॅड बघण्यासाठी मी आणि मिस्त्री इतवारीत लोहाओळीला गेलो. दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक पॅड हातात घेऊन अंगठ्यानं दाबतो आणि जो जास्त मऊ लागेल तो घेतो. इथेच फसगत होते. फोम म्हणजे असंख्य हवेचे बुडबुडे आणि त्यांच्या पातळ भिंती. ताजा पाव दाबून बघा. सुरुवातीला तो थोडा विरोध करतो, मग बराच वेळ सहज दबत जातो, आणि सगळे बुडबुडे मिटले की एकदम घट्ट लागतो. फोमचंही तसंच. फार मऊ फोम माणसाच्या वजनाखाली पहिल्याच मिनिटात या शेवटच्या टप्प्यावर पोचतो. मग गुडघ्याखाली उरतो तो दोन मिलिमीटरचा टणक पापुद्रा. अंगठ्यानं दोन किलो जोर लावून हे कळत नाही, त्यासाठी अठ्ठावीस किलो लागतात. म्हणून पॅड दुकानातच बांधावा, गुडघे टेकावेत आणि निदान पाच मिनिटं तसंच राहावं. वाटीला खालची फरशी जाणवू लागली तर तो पॅड ठेवून द्यावा.

चांगल्या पॅडमध्ये बहुधा दोन थर असतात: आत मऊ, गुडघ्याच्या आकाराची खळगी असलेला, आणि बाहेर घट्ट. मऊ थर गुडघ्याला चारी बाजूंनी मिठी मारतो, त्यामुळे भार वाटीच्या टोकावर न राहता खालच्या नडगीच्या हाडाकडेही जातो. आम्ही घेतलेल्या पॅडच्या खळगीत पातळ कागद दाबून मी पुन्हा कुंकवाचा ठसा घेतला. या वेळी तो जवळपास ७० चौरस सेंटीमीटर आला. दाब नऊशेवरून तीनशेच्या आत. फरक मोठा आहे, पण तीनशे म्हणजे केशवाहिन्यांतल्या दाबाच्या अजूनही आठ-नऊपट. त्यामुळे पॅड कितीही महाग असो, दर थोड्या वेळानं उठावंच लागतं. पाच-सहा टाईल झाल्या की उभं राहून पाय झटकायला काही पैसे पडत नाहीत.

चुंगडीचा दुसरा दोष मला उशिरा लक्षात आला. ताग पाणी पितो. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, म्हणजे ते चांगलंच दाहक असतं. चुंगडीत मुरलेलं हे पाणी तासन् तास कातडीला लागून राहतं. सुरुवातीला काहीच कळत नाही आणि संध्याकाळी कातडी सोललेली, भाजलेली सापडते. इव्हीए नावाच्या फोमचे बुडबुडे बंद असतात, त्यात पाणी शिरत नाही. धुतला की झालं. कापडाआड उघड्या बुडबुड्यांचा स्पंज असलेला पॅड ओल्या कामाला घेऊच नये. इव्हीएची एक अडचण मात्र नागपुरात फार जाणवते. तापला की तो नरम पडतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत दाबून ठेवलेला पॅड चपटा होऊन बसतो आणि पूर्ववत फुगत नाही.

बाहेरून टणक प्लॅस्टिकची वाटी हवी की नको, हे कामावर ठरतं. गिट्टी, सळई, स्लॅबवरचं काम असेल तर हवी. टाईल-ग्रॅनाईटवर नको: ती घसरते, डुगडुगते आणि पॉलिशवर ओरखडे पाडते. यासाठी युरोपात ईएन १४४०४ नावाचं मानक आहे. त्यातला स्तर ० फक्त सपाट जमिनीसाठी. स्तर १ मध्ये टोकदार वस्तू १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो बळानं दाबली तरी आरपार जाता कामा नये. स्तर २ मध्ये हाच आकडा २५० न्यूटन. पॅडवर हा क्रमांक छापलेला असला तर स्तर जरूर बघा.

पट्ट्यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट फिरवा. हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याच्या खालून, कातडीच्या लगेच आत, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस वळसा घालून जाते. अरुंद, करकचून बांधलेली पट्टी तिथे दाबत राहिली तर पायाला मुंग्या येतात आणि पुढे पाऊल उचलेनासं होऊन चालताना चवडा घासायला लागतो. पट्टी रुंद आणि ताणणारी हवी, त्या उंचवट्यावर येता कामा नये, आणि गुडघ्यामागच्या लवणीतही रुतता कामा नये. मुंग्या आल्या तर पट्टी त्याच क्षणी सोडायची.

पॅड गुडघ्याच्या बाहेरची बाजू वाचवतो. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्याच्या आत कूर्चेवर आणि गाद्यांवर येणारा ताण त्यानं कमी होत नाही. त्यासाठी टाचांवर बसणं टाळायचं आणि जमेल तिथे चार बोटं उंचीचं पिढं वापरायचं. आणि फुगवटा लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर पिशवीत जंतू शिरलेले असू शकतात. तेव्हा शेकत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मिस्त्रीला पट्ट्या नकोच होत्या, उन्हात काचतात म्हणाला. मग त्याच्या दोन जुन्या जीन्सना आमच्या चौकातल्या शिंप्याकडून जाड कापडाचे खिसे लावून घेतले, पॅड आत सरकवायला. शिंपी उभ्या माणसाचं माप घ्यायला लागला तेव्हा मिस्त्रीनंच त्याला थांबवलं. "असं नाही भाऊ, बसलो की पँट वर चढते." तो दुकानाच्या पायरीवर गुडघे टेकून बसला आणि शिंप्यानं तिथे खडूनं खूण केली. उभं राहिल्यावर ती खूण वाटीच्या तीन बोटं खाली आली होती.