पाळीव सापाचा उपास आणि आजारपणात गेलेली भूक

पाळलेल्या सापाने समोर धरलेला उंदीर नाकारला की त्यामागे दोन अगदी भिन्न अवस्था असू शकतात. एक म्हणजे सापाच्या शरीरक्रमातच बसणारा उपास आणि दुसरी म्हणजे आजारपणामुळे गेलेली भूक. पहिल्या दिवशी या दोन्ही अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात, कारण दोन्हींत साप वेटोळे घालून पडून राहतो आणि भक्ष्याकडे पाठ फिरवतो. केवळ नकारावरून निदान करू पाहणारे मग एकतर निरोगी सापाला विनाकारण छळतात, नाहीतर आजारी सापाला आठवडेच्या आठवडे तसेच ठेवतात.

साप दीर्घकाळ उपाशी राहू शकतो यात नवल नाही. तो शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळत नाही. शिवाय अजगरांसारख्या, क्वचित पण मोठा घास घेणाऱ्या सापांचे आतडे दोन जेवणांच्या मधल्या काळात आक्रसते आणि नवे भक्ष्य पोटात गेल्यावरच पुन्हा वाढून कामाला लागते. बॉल पायथन ही अजगराची जात तर दीर्घ उपासासाठी प्रसिद्धच आहे. प्रौढ नर थंडीच्या आणि विणीच्या काळात काही महिने सलग अन्न नाकारतात, तरीही त्यांची प्रकृती उत्तम असते. अंडी किंवा पिल्ले पोटात असलेली मादीही बहुधा खात नाही. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर निळसर, दुधी पडदा येतो, तेव्हा अनेक साप भक्ष्याला तोंड लावत नाहीत. डोळे पुन्हा स्वच्छ होऊन कात पडली की बहुतेकांची भूक परतते. नव्या जागी आणलेला साप काही दिवस बुजलेला असतो, त्याला आठवडाभर हात न लावता शांत राहू देणे पुरेसे ठरते.

उपासात असलेला साप अन्न सोडून बाकी सारे नेहमीसारखे करतो, हा सर्वांत उपयोगी फरक आहे. तो पाणी पितो, जीभ लपलपवतो, रात्री पेटीत फिरतो, उचलल्यावर त्याच्या अंगात जोर जाणवतो. आजारी सापाच्या बाबतीत मात्र नकार एकटा येत नाही. श्वसनमार्गाला संसर्ग झाला असेल तर तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, घरघर, नाकपुड्यांशी किंवा तोंडात फेस अशी लक्षणे दिसतात. तोंड सडत असेल तर हिरड्या लाल होतात आणि त्यांवर पिवळसर, दह्यासारखा पू साचतो. असा साप कधी कधी भक्ष्याकडे उत्सुकतेने झेपावतो आणि पकडताच सोडून देतो, म्हणजे त्याची भूक शाबूत असते, पण तोंड दुखत असते. खाल्लेले वारंवार उलटून टाकणे, शरीराच्या मध्यभागी कायम राहणारी सूज किंवा मान विचित्र वळवून वर पाहत राहणे ही अधिक गंभीर आजारांची चिन्हे असू शकतात आणि त्यांत घरी वाट पाहण्याला जागा नाही.

डोळ्यांना न दिसणारा फरक वजनकाटा दाखवतो, म्हणून ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हे साप पाळणाऱ्याचे पहिले उपकरण असावे, असे माझे मत आहे. 1500 ग्रॅमचा प्रौढ बॉल पायथन दोन महिन्यांच्या उपासात 50-60 ग्रॅमने घटला, तर तो आपल्या साठ्यावर निवांत जगतो आहे. तोच 150 ग्रॅमने, म्हणजे दहा टक्क्यांनी घटला, तर कारण शोधलेच पाहिजे. मात्र विष्ठा टाकल्यावर वजन एकाएकी उतरते, त्यामुळे एका मोजणीवर विसंबू नये, दर एक-दोन आठवड्यांच्या नोंदींचा कल पाहावा. पाठीचा कणा धारेसारखा वर येणे आणि कातडीला घड्या पडणे ही खंगल्याची खूण आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला मात्र हा धीर लागू होत नाही, कारण त्याच्याजवळचा साठा फारच थोडा असतो.

या दोन अवस्थांच्या मध्ये, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळा, तिसरेच कारण निघते: पेटी चुकीची असते. पुरेशी ऊब नसेल तर सापाला पचन करता येत नाही आणि तो खाणे टाळतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला सुमारे 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश तापमान लागते, शिवाय दोन्हीकडे अंग चिकटून बसेल अशी लपण्याची जागा हवी. तापमान अंदाजाने नव्हे, तापमापकाने मोजावे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट केल्याशिवाय देऊ नये, कारण अजगर भक्ष्याची ऊब ओठांवरील खळग्यांनी टिपतो आणि थंड भक्ष्य त्याला भक्ष्य वाटतच नाही. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा थोडी कमी असावी. संध्याकाळी, चिमट्याने, पेटीतला उजेड मंद करून ते द्यावे आणि नकार मिळाला तर निदान आठवडाभर पुन्हा प्रयत्न करू नये. रोज उंदीर नाचवणे हा भूक आणण्याचा नव्हे, भीती वाढवण्याचा मार्ग आहे. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडणे तर धोक्याचेच, कारण न खाणाऱ्या सापाला तो कुरतडून गंभीर जखमी करू शकतो.

जबरदस्तीने घास भरवणे हा उपासाचा उपाय नाही आणि आजाराचाही नाही. त्याने सापावर ताण येतो, तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते, म्हणून तो निर्णय सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यावर सोडावा. त्यांच्याकडे जाताना वजनाच्या आणि तापमानाच्या नोंदी, शेवटचे जेवण आणि शेवटची कात यांच्या तारखा आणि शक्य असल्यास विष्ठेचा ताजा नमुना बरोबर न्यावा.