नर्स-मिडवाइफ रजिस्ट्रेशन: कोणाला मिळतं, कागद काय लागतात आणि मिळाल्यावर कोणाच्या हाताखाली काम करायचं

रिझल्ट लागला की दरवर्षी तेच दोन प्रश्न येतात. पहिला, मार्कशीट हातात आलीय, हॉस्पिटलवाले लगेच ये म्हणतायत, जॉइन होऊ का. दुसरा प्रश्न जरा धीट मुली विचारतात, आरएन-आरएम (रजिस्टर्ड नर्स-रजिस्टर्ड मिडवाइफ) लागलं की आपण स्वतःच्या जबाबदारीवर डिलिव्हरी करू शकतो ना? पहिल्याचं उत्तर सोपंय, रजिस्ट्रेशन होईपर्यंत थांबा. मार्कशीटवरनं तुम्ही परीक्षा पास झालात एवढंच कळतं, नर्स किंवा प्रसाविका (मिडवाइफ) म्हणून पेशंटला हात लावायचा अधिकार कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव चढल्यावर येतो. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, ते खाली येईलच.

आधी कायदा थोडक्यात, कारण इंटरव्ह्यूला पण विचारतात. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट, त्यातून दिल्लीचं कौन्सिल आलं, सिलॅबस काय, कुठली डिग्री-डिप्लोमा मान्य हे ते ठरवतं. प्रत्यक्ष नाव नोंदवणारं ऑफिस राज्याचं, आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस ॲक्टखालचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, मराठी जाहिरातीत ज्याला महाराष्ट्र परिचर्या परिषद लिहितात तेच. झेडपीच्या आरोग्य सेविकेच्या जाहिरातीत त्याच्या बाजूला 'विदर्भ परिचर्या परिषद' असंही दिसतं, ते बघून नागपूर-अमरावतीच्या मुली गोंधळतात की आपलं कौन्सिल वेगळं की काय, तसं काही नाही, जुनी शब्दरचना तशीच पुढे चालत आलीय. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा मंजूर झालाय, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा आहे, त्यात केंद्राचं कमिशन, राज्यांची कमिशनं, रजिस्ट्रेशन आणि एथिक्ससाठी वेगळं बोर्ड असं सगळं आहे आणि रजिस्टरमध्ये नाव नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी अधिकृत साइट उघडून फॉर्म कुठला चालू आहे ते स्वतः बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ भरत बसू नका.

आता पात्रता. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षं, फक्त मुलींसाठी, बारावी पास आणि ॲडमिशनच्या वेळी वय १७ ते ३५. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षं, बारावीला इंग्रजी आणि एकूण ४० टक्के. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्रजी घेऊन ओपनला ४५ टक्के. एएनएमचं नाव एएनएमच्याच वेगळ्या भागात चढतं, जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांना रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ असं दोन्ही मिळतं. म्हणजे एएनएम करून नावापुढे आरएन लावता येत नाही, हे किती जणींना कोणी सांगतच नाही.

आणि ते सहा महिन्यांचे 'नर्सिंग कोर्स', पेशंट केअर, जनरल ड्युटी असिस्टंट, किंवा घरबसल्या डिप्लोमा, ह्यांच्यावर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधीच होत नाही. पेशंट केअरचं काम वाईट नाही, पण त्या पोरींना पांढरा ड्रेस घालून लेबर रूममध्ये उभं करतात तेव्हा राग येतो, त्यांच्यावर नाही, उभं करणाऱ्यांवर. फी भरायच्या आधी कॉलेज त्या वर्षासाठी मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे, आपला कोर्स ह्यातल्या कोणाकडेच नसेल तर तिथेच संशय घ्या.

केस बुकबद्दल वेगळं बोलायलाच पाहिजे. मिडवायफरीच्या प्रॅक्टिकलमध्ये केसेसचा आकडा ठरलेला असतो, उदाहरणार्थ स्वतः केलेल्या नॉर्मल डिलिव्हरी २०, त्याशिवाय एएनसी (गरोदरपणातल्या) तपासण्या, पीएनसी (बाळंतपणानंतरची काळजी), पीव्ही (आतून तपासणी), एपिसिओटॉमी (बाळंत होताना द्यायचा छेद), बाळाचं रिससिटेशन (श्वास सुरू करणं), आणि प्रत्येक नोंदीखाली जिच्या देखरेखीत केलं तिची सही. जिथे क्लिनिकलला पुरेशा केसेसच मिळत नाहीत तिथे मुली एकमेकींच्या वह्या उतरवतात, सगळ्यांना माहितीय. पास होताल त्याच्यावर, पण पहिल्या नाइट ड्युटीला पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव) समोर आला की ती उतरवलेली वही कामाला येत नाही. क्लिनिकल पोस्टिंगचं हॉस्पिटल कुठलं, तिथे महिन्याला डिलिव्हरी किती, हे ॲडमिशनच्या वेळीच विचारा, हॉस्टेलच्या मेसपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कागदपत्रं. दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारीख आणि नाव ह्याच्यावरून धरतात), बारावीची मार्कशीट, कोर्सच्या सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, एटीकेटी असेल तर ती पण, पासिंग किंवा डिप्लोमा-डिग्री सर्टिफिकेट, कॉलेजचं कोर्स कम्प्लिशन, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, आधार, फोटो, सही. फॉर्म ऑनलाइन, फी ऑनलाइन, स्कॅन करताना मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिरका फोटो काढून टाकू नका, ओरिजिनलचा सरळ स्कॅन करा आणि शिक्का वाचता आला पाहिजे. ओरिजिनल्स सोबत तयार ठेवा, व्हेरिफिकेशनला लागतात.

सगळ्यात जास्त अर्ज कशावर अडतात सांगू का, नावावर. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर, कुठे वडिलांच्या नावामागे 'राव' आहे कुठे नाही. आणि आपल्याकडे लग्नात काही घरी मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात, मग सासरच्यांनी हौसेने आधार बदलून आणलेलं असतं आणि सगळ्या मार्कशीट माहेरच्या नावाच्या. तर रजिस्ट्रेशन होईपर्यंत आधारला हात लावू नका हा माझा सरळ सल्ला, आधी शिक्षणाच्या नावाने रजिस्ट्रेशन करून घ्या, मग मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्रात नावबदल छापून रीतसर नाव बदलण्याचा अर्ज करा. आधीच बदललं असेल तर घाबरायचं कारण नाही, मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेटची प्रत हे जोडावं लागेल, वेळ जास्त जाईल एवढंच.

राज्याच्या नंबरशिवाय आता एनयूआयडी (नर्सचा युनिक आयडी) पण असतो, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीमचा, आधारशी जोडलेला, देशभर एकच. दुसऱ्या राज्यात गेलात की ह्याचा उपयोग कळतो. एजंटला पैसे देऊन ह्यातलं काहीच लवकर होत नाही, उलट तो स्वतःचा मोबाइल नंबर टाकून लॉगिन बनवतो आणि पाच वर्षांनी रिन्यूअलला ओटीपी त्याच्याकडे जातो. हे खरंच होतं.

रिन्यूअल दर पाच वर्षांनी. त्याला सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हिशोब पाच वर्षांत १५० तासांचा आहे, राज्याच्या पोर्टलवर तुमचे किती जमा झालेत ते अधूनमधून बघत जा, शेवटच्या महिन्यात वर्कशॉप शोधत पळापळ करण्यात अर्थ नाही. भरतीत चालू रजिस्ट्रेशन मागतात, संपलेलं असेल तर कागदपत्र तपासणीला चांगला मेरिटमधला नंबरसुद्धा हातचा जातो.

बरं, आता तो दुसरा प्रश्न. नंबर मिळाला, मग कोणाच्या हाताखाली?

सरकारी उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून असाल (सपाटीवर साधारण ५०००, आदिवासी-डोंगरी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र) तर तुमच्यावर आरोग्य सहाय्यिका म्हणजे एलएचव्ही, तिच्यावर पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) मेडिकल ऑफिसर, मग टीएचओ, डीएचओ (तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी). हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्सवर परिसेविका (वॉर्ड सिस्टर), वर मॅट्रन, आणि क्लिनिकल निर्णयाला डॉक्टर. पण डॉक्टर जागेवर नाहीत म्हणून हात बांधून बसायचं असंही नाही. स्किल्ड बर्थ अटेंडंटच्या केंद्र सरकारच्या गाइडलाइन्सनी एएनएम, एलएचव्ही आणि स्टाफ नर्स तिघींना काही गोष्टींची स्पष्ट परवानगी दिलीय: बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबायला ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल, एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या) झटक्याला रेफर करायच्या आधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबात पाच-पाच ग्रॅम खोल आयएम (स्नायूत इंजेक्शन), इन्फेक्शनला अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि पार्टोग्राफ (कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता) भरणं. पहिला डोस द्यायचा आणि पाठवायचं, असा तो सगळा मामला आहे.

मनाई कशाची तेही तेवढंच पक्कं लक्षात ठेवा. कळा वाढाव्यात म्हणून बाळंत होण्याआधी ऑक्सिटोसिनची सुई स्वतःच्या मनाने द्यायची नाही, नातेवाईक कितीही मागे लागले तरी, गर्भाशय फाटतं त्याने. गर्भपात करायचा नाही, १९७१ च्या एमटीपी कायद्यात ते फक्त ठरावीक पात्रतेच्या रजिस्टर्ड डॉक्टरचं काम आहे, २०२१ ला सुधारणा झाली तेव्हाही नर्सेसना त्यात घेतलेलं नाही. सोनोग्राफीचं मशीन पण तसंच, तिथे पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा आहे. तोंडी ऑर्डरवर काही दिलं तर वेळ टाकून लिहा आणि डॉक्टरची सही घ्या, कारण नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कमाल पाच वर्षं शिक्षा आहे आणि त्यातली कमाल दोन वर्षांच्याच शिक्षेची सवलत रजिस्टर्ड डॉक्टरपुरतीच लिहिलीय, नर्सचा उल्लेख नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे. शिवाय गैरवर्तनाची तक्रार कौन्सिलकडेही होते आणि चौकशीनंतर रजिस्टरमधून नाव काढता येतं.

प्रायव्हेट प्रसूतिगृहात असाल तर १९४९ च्या नर्सिंग होम रजिस्ट्रेशन कायद्याने मॅटर्निटी होमला स्टाफवर रजिस्टर्ड प्रसाविका असणं गरजेचं आहे, नसेल तर परवाना नाकारता येतो. म्हणूनच काही ठिकाणी तुमच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मागून घेतात आणि नोकरी दुसरीलाच देतात, किंवा महिन्याला थोडे पैसे देऊ फक्त सर्टिफिकेट लावा म्हणतात. अजिबात देऊ नका. तिथे काही झालं तर कागदावर नाव तुमचं असतं.

स्वतः निर्णय घेऊन नॉर्मल बाळंतपण सांभाळायचं असेल तर सरकारी धोरणात रस्ता एकच आहे, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरी सेवेच्या गाइडलाइन्स काढल्या त्यातून हे आलं, तेलंगणाने त्याच्याही आधी हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलबरोबर असं ट्रेनिंग सुरू केलेलं होतं. कोर्स १८ महिन्यांचा, १२ महिने ट्रेनिंग आणि ६ महिने इंटर्नशिप. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी, आरएन-आरएम रजिस्ट्रेशन आणि डिलिव्हरी करण्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे एएनएमला थेट जाता येत नाही. झाल्यावर काम मिडवाइफ लेड केअर युनिटमध्ये, जिथे लो-रिस्क बाईचं बाळंतपण मिडवाइफच बघते आणि गुंतागुंत दिसली की त्याच हॉस्पिटलच्या गायनॅककडे सोपवते. म्हणजे स्वतंत्रपणा आहे पण तो हॉस्पिटलच्या आत. घरी बोर्ड लावून बाळंतपणं करायचा परवाना ह्याने मिळत नाही, आणि नुसत्या आरएमने तर नाहीच.

एक छोटी ड्युटी सगळ्याच विसरतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बाळंतपणाला हजर असलेल्या मिडवाइफवर जन्म कळवायची जबाबदारी नाव घेऊन टाकलीय. वाटेत ॲम्ब्युलन्समध्ये किंवा घरी डिलिव्हरी करावी लागली तर रजिस्टर भरून २१ दिवसांच्या आत कळवा, नंतर त्या बाईला दाखल्यासाठी हेलपाटे पडतात.

राहिलं बाहेर जाण्याचं. गोव्यात नोकरी लागली तर गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, त्यासाठी महाराष्ट्राची एनओसी आणि व्हेरिफिकेशन, ते इकडचं रजिस्ट्रेशन चालू असतानाच मागा. गल्फला डेटाफ्लोचं व्हेरिफिकेशन, म्हणजे कॉलेज, कौन्सिल, अनुभव सगळीकडे विचारणा जाते, जुन्या हॉस्पिटलने उत्तर दिलं नाही की फाइल तिथेच अडते, तेव्हा नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र आणि एचआरचा चालू ईमेल दोन्ही घेऊन ठेवा. ब्रिटनला जाणाऱ्यांनी एवढं बघून घ्यावं की तिकडच्या रजिस्टरमध्ये नर्स आणि मिडवाइफ हे दोन वेगळे भाग आहेत, दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या, आपल्याकडे एकाच डिप्लोमावर दोन्ही मिळतं म्हणून तिकडेही मिळेल असं नाही, आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक जणी नर्सच्याच भागातून जातात.