गाडी थांबते तिथं चार्जर

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून रोज रात्री एक वायर खाली सोडली जाते. खिडकीच्या गजाला दोन वेढे, मग भिंतीला घासत थेट विजेवरच्या स्कूटरच्या सीटखाली. पावसाळ्यात जोडावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली असते. ती पिशवी पाहिली की पोटात गोळा येतो. शहरात चार्जिंगची सोय कुठं हवी, याचा विचार त्या वायरीपासून सुरू व्हायला हवा, असं मला वाटतं.

आपल्या डोक्यात अजून पेट्रोलपंप बसलेला आहे. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात, म्हणून पंप वाहत्या रस्त्यावर शोभतो. विजेला मात्र वेळ लागतो. म्हणून गाडी जाते कुठून, यापेक्षा ती उभी कुठं राहते आणि किती वेळ, हे आधी पाहावं लागतं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरासाठी ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन, असा निकष होता. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र साधारण ६७ चौरस किलोमीटर. त्या हिशेबानं सात-आठ स्टेशनांत शहर उरकतं, आणि पेठेतली ती वायर तशीच लोंबकळत राहते.

साध्या स्कूटरची बॅटरी तीनेक युनिटची. घरगुती चार्जर सुमारे ७५० वॉटचा, म्हणजे गिझरच्या निम्म्याहून कमी. चार-पाच तासांत काम होतं, आणि स्कूटर तर रात्रभर उभीच असते. तिला फास्ट चार्जर नको. तालमीसमोरच्या मोकळ्या जागेत, मीटर आणि संरक्षक स्विच असलेले १५ अँपिअरचे दहा सॉकेट पुरे.

बिंदू चौकाच्या पार्किंगचं गणित वेगळं. पुण्याहून अंबाबाईला आलेली गाडी दर्शन, खरेदी आणि तांबडा-पांढरा धरून अडीच तास सहज थांबते. तिथं ७.४ किलोवॉटचा साधा एसी चार्जर त्या वेळात १८ युनिट देतो. एका युनिटला सहा किलोमीटर धरले, तर शंभराहून जास्त किलोमीटर. घाईची गाडी असते ती हायवेवर तावडे हॉटेलच्या चौकात, बेळगावकडं निघालेली. ६० किलोवॉटचा डीसी फास्ट चार्जर शोभतो तो तिथं. तोही ८० टक्क्यांनंतर मंदावतो, कारण बॅटरी भरत आली की तिला जपण्यासाठी करंट कमी करावा लागतो.

या ६० किलोवॉटचं ओझं डीपीवर, म्हणजे त्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर पडतं. गल्लीच्या तोंडाशी २०० केव्हीएचा डीपी असेल, तर त्याचा जवळपास तिसरा हिस्सा एकटा चार्जर खातो, तोही संध्याकाळी घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर चालू असताना. तेवढ्याच विजेत ८० स्कूटर एकाच वेळी चार्ज होतात. जागा ठरवणाऱ्यानं नकाशावर आधी डीपी मांडावेत, असं मला त्यासाठीच वाटतं.

रांगेचं गणितही पाहण्यासारखं आहे. गाड्या कधीही येतात आणि कितीही वेळ घेतात, असं धरू. एक चार्जर ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर नव्या गाडीला सरासरी चार गाड्यांच्या चार्जिंगइतकी वाट पाहावी लागते. तितकेच गुंतलेले दोन चार्जर एकाच जागी, एकाच रांगेत ठेवले की हे थांबणं दोन गाड्यांपेक्षाही खाली येतं. हायवेला एकेक चार्जर विखरून लावणं म्हणूनच चुकीचं.

आणि कोल्हापूरला नदी विसरून चालत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्या पार गेलं. पंचगंगेची फूग, म्हणजे मागं चढणारं पाणी, जयंती नाल्यातून शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बसवलेला चार्जर अशा वेळी पहिल्याच रात्री बुडणार. पूररेषेच्या आत तो बसवायचाच असेल, तर यंत्र उंच चौथऱ्यावर हवं आणि त्याची लाइन वेगळी तोडता यायला हवी. त्या आठवड्यात शहरात अडकलेल्या गाड्यांना वीज मिळणार ती राजारामपुरीसारख्या उंच भागात. तिथले चार्जर नेहमीच्या गरजेपेक्षा दोन-चार जास्तच ठेवावेत.