मतदान : समूहाची निर्णयपद्धती

मतदान : गटातील प्रत्येकाचा कौल मोजून गटाचा निर्णय ठरविण्याची पद्धत. हात वर करणे, आवाजी होकार, मतपत्रिका व यंत्र हे तिचे परिचित प्रकार.

भारतातील तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पाली विनयपिटकातील (बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातील) चुल्लवग्ग या भागात भिक्षुसंघातील वाद ‘येभुय्यसिके’ने, म्हणजे बहुसंख्येने, मिटविण्याची तरतूद आढळते. त्यासाठी रंगीत शलाका (काड्या) वाटत. कौल गुप्तपणे, उघडपणे किंवा कानात सांगून घेत. संघाने ही रीत तत्कालीन गणराज्यांकडून उचलली, असे इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल यांनी मांडले. हे मत मुख्यतः अनुमानावर उभे आहे. शिवाय अधर्मवाद्यांची (धर्मविरुद्ध मत मांडणाऱ्यांची) संख्या अधिक भरल्यास शलाका गोळा करणाऱ्या भिक्षूने ती मोजणीच अग्राह्य ठरवावी, असे त्याच ग्रंथात सांगितले आहे. तेव्हा आजच्या अर्थाने त्याला बहुमत म्हणणे अवघड जाते. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या शिलालेखांचा (दहाव्या शतकाचा पूर्वार्ध) दाखलाही नेहमी दिला जातो. परंतु तेथील ‘कुडवोलै’ ही घड्यातून चिठ्ठी काढण्याची सोडत होय.

मराठा अमलातील गोतसभा (गावकरी व वतनदारांची न्यायसभा) निवाडा महजरावर (निवाडपत्रावर) लिहून त्यावर हजर मंडळींच्या साक्षी व निशाण्या घेई. पाटलाची निशाणी नांगर. भर डोकी मोजण्यापेक्षा सर्वांच्या मान्यतेवर दिसतो. सहकारी संस्थांत ‘बिनविरोध’ निवडीचे आजही भूषण वाटते, ते याच वळणाचे असावे.

सोलापुरात नगरपालिका १८५२ मध्ये व महानगरपालिका १९६४ मध्ये स्थापन झाली. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडले गेले. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते असल्याने मतांची बेरीज मतदारांच्या संख्येशी जुळत नाही. जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांना १९६० चा सहकारी संस्था कायदा लागू आहे : शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, समसमान मते पडल्यास अध्यक्षाचे मत निर्णायक.

बहुमत कशाचे मोजायचे, हा प्रश्न दारूबंदीच्या मतदानात विशेष स्पष्ट होतो. मतपत्रिकेवर उभी व आडवी बाटली असते. दुकान बंद होण्यासाठी ‘आडवी’ला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणजे घरी बसलेल्याचे मत आपोआप ‘उभी’च्या पारड्यात पडते.

माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी विधानसभेचा निकाल ताडून पाहण्यासाठी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकांवर मतदान घेण्याचे योजिले होते. प्रशासनाने ते बेकायदेशीर ठरवून जमावबंदी लागू केल्याने ते झाले नाही.