दहा लाखांच्या सायकलीत मोटर का नसते? कार्बन रोड बाईकची पार्श्वभूमी

दहा लाखांची सायकल म्हटलं की घरचे आधी विचारतात, मोटर कुठेय? मोटर नाहीच, वर गंमत अशी की रेसच्या सायकलचं वजनही गेल्या पंचवीस वर्षांत फारसं उतरलेलं नाही. मग पैसे जातात कुठे?

आपल्याकडे सायकल म्हणजे स्टील. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता तेव्हाही, आणि मुंबई-पुणे रेसमध्ये बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ व्हायला धडपडणारी पोरं कित्येक वर्षं स्टीलच दामटत होती तेव्हाही. युरोपातल्या प्रो लोकांचंही वेगळं नव्हतं. १९८६ ला ग्रेग लेमाँडने लूक कंपनीच्या कार्बन फायबरच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली खरी, पण ती फ्रेम म्हणजे कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोडांत ग्लू लावून बसवलेल्या. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटले, त्यात खारट ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम कुजायला लागतं, त्यामुळे त्या काळच्या अशा बऱ्याच फ्रेमचे जोड पुढे सुटले. मुंबईच्या हवेत आजही कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) ग्रीस न लावता ठेवून दिली तर ती तिथेच जाम होते, कारण तेच.

भरवसा बसायला वेळ लागला. १९९४ ला इंडुराइन स्टीलवरच टूर जिंकला. पॅरिस-रुबेच्या दगडी रस्त्यांवर कार्बन टिकेल का अशी धास्ती होती, ती १९९५ ला बालेरिनीने कोलनागो सी-४० या कार्बन सायकलवर ती रेस मारल्यावर बरीच कमी झाली. १९९९ ला आर्मस्ट्राँगने ट्रेक कंपनीच्या पूर्ण कार्बनच्या सायकलवर टूर जिंकली (ते विजेतेपद पुढे डोपिंगमुळे काढून घेतलं, सायकलचा त्यात काही दोष नाही!).

आणि खरा ट्विस्ट २००० साली आला. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, नियम लावला की ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल रेसला चालणार नाही. कंपन्या तिथवर लवकरच पोचल्या, मग वजनाची शर्यत तशी संपलीच की. त्यानंतर पैसा वळला हवा कापण्याकडे, इलेक्ट्रॉनिक गिअरकडे (शिमानोचा ड्युरा-एस डीआयटू २००९ चा) आणि डिस्क ब्रेककडे, जे रोड रेसमध्ये कायमचे मान्य झाले २०१८ ला. डिस्क आणि त्याचं सगळं सामान वजन वाढवतं, म्हणून आजची टॉपची सायकलही सातच्या आसपास असते.

बाकीचा खर्च हाताचा. रेझिन मुरवलेलं कार्बनचं कापड फ्रीजरमध्ये ठेवतात, त्याचे शेकडो तुकडे कापून माणसं ते हाताने थरावर थर लावतात, कुठला तुकडा कुठल्या कोनात हे ठरलेलं, मग आत हवेचा फुगा भरून साचा तापवायचा. पेडलपाशी फ्रेम वाकता कामा नये आणि सीटखाली थोडी लवचिक हवी, हे सगळं त्या कोनांवर ठरतं. ही कामं बहुतेक तैवान आणि चीनमध्ये होतात, स्टिकर इटलीचं असलं तरी.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात मुंबईकराच्या खऱ्या कामाची गोष्ट एकच, ती म्हणजे डिस्कमुळे जाड टायरला जागा झाली. पूर्वी २३ मिमीचे टायर चालायचे, आता २८-३० सर्रास बसतात, आणि घोडबंदरच्या खड्ड्यांत ते जादाचे पाच मिमी, हवा कापणाऱ्या फ्रेमपेक्षा जास्त उपयोगी. पावसात कार्बनच्या रिमवर रबराचे ब्रेक दाबून बघितलेत त्यांना डिस्कचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

उलट केबल दिसू नयेत म्हणून त्या हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगची जागा) आत घेण्याची जी फॅशन आलीय ती आपल्या हवेसाठी नाहीच. घाम आणि पावसाचं पाणी नेमकं तिथेच उतरतं, बेअरिंग गंजतं आणि हँडल वळवताना करकर सुरू होते. साध्या सायकलवर ते बेअरिंग बदलणं अर्ध्या तासाचं काम, इथे बऱ्याच मॉडेलवर वरचं बेअरिंग काढायला ब्रेकचे होज (ऑइलच्या नळ्या) सोडा, परत जोडा, ऑइल भरा, हवा काढा, म्हणजे बेअरिंग पाचशेचं आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट.