आइन्स्टाइन यांचा पेपर परत आला

१९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, एक पेपर, म्हणजे शोधनिबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात पसरणारे तरंग, असूच शकत नाहीत, असा त्यात निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला वाचायला दिला आणि त्याची दहा पानी टिपणं जोडून परत पाठवला. आइन्स्टाइन भडकले. आम्ही पेपर छापायला दिला होता, दुसऱ्या कुणाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी तो काढून घेतला.

तो निनावी तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांनी दाखवलेली चूक खरी होती. पुढे त्यांनीच ती आइन्स्टाइन यांचे सहायक इन्फेल्ड यांना समजावून सांगितली. १९३७ साली पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लिहिणारा कितीही मोठा असो, समीकरण ओळन्‌ओळ तपासायचं, हे पीअर रिव्ह्यूचं, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून होणाऱ्या तपासणीचं, खरं काम तिच्यात दिसतं.

जर्नलकडे पेपर आला की आधी संपादक तो चाळतात. विषय बसत नसेल किंवा नवं काही नसेल, तर तिथूनच साभार परत. उरलेले त्याच विषयातल्या दोन-तीन संशोधकांकडे जातात. या रिव्ह्यूअरना सहसा मानधन नसतं. आपलं काम सांभाळून ते वाचतात. शेरे साधारण असे असतात: "तक्ता २मध्ये ४८ रुग्ण आहेत, आलेख ३मध्ये ४५च बिंदू दिसतात. तिघे कुठे गेले?" वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न. पण ते तिघे औषध सोसेना म्हणून मध्येच निघून गेले असतील, तर सगळा निष्कर्षच फिरतो. लेखकांना अशा प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. कधी एक ओळ पुरते, कधी प्रयोग नव्याने करावे लागतात आणि महिनेच्या महिने जातात.

रिव्ह्यूअर स्वतः प्रयोग करून बघत नाही, त्याच्यापुढे फक्त कागद असतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'शी संबंधित संशोधकांनी एकदा एका पेपरात मुद्दाम ८ दोष पेरून तो ४२० जणांकडे पाठवला. २२१ जणांनी शेरे लिहिले. सरासरीने दोनच दोष पकडले गेले. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

आकडेच खोटे असतील, तर ते ओळखणं आणखी अवघड. त्याच वर्षी 'लॅन्सेट'ने गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा पेपर छापला. तो मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. तोवर घाबरलेल्या कितीतरी आईवडिलांनी मुलांना लस टोचून घेतली नव्हती. तो पेपर पुसून टाकलेला नाही, आजही वाचता येतो. मजकुरावर लाल ठळक अक्षरांत आडवा शब्द उमटलेला आहे: रिट्रॅक्टेड.